हुक्क्याचा कोळसा आणि चिलीम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांत हुक्क्याविषयीची पत्रे बरीच आहेत. बहुतेक पत्रे नोकरीनिमित्त आखाती देशांत राहणाऱ्या आणि तेथे नव्यानेच हुक्का ओढू लागलेल्या वाचकांची असून दोन महाराष्ट्रातून आली आहेत. तंबाखूचे दुष्परिणाम सज्ञान वाचकाला ठाऊक असतात असे धरून येथे त्यांची उजळणी केलेली नाही. कोळशाविषयी मात्र जे पाकिटावर छापलेले नसते ते सांगितल्याशिवाय या प्रश्नांची उत्तरे पुरी होणार नाहीत, म्हणून ते त्या त्या ठिकाणी आले आहे.

प्रश्न : येथील दुकानांत तीन प्रकारचा कोळसा दिसतो. काडी लावताच पेटणाऱ्या गोल चकत्या, करवंटीच्या कोळशाचे चौकोनी ठोकळे आणि लिंबाच्या लाकडाचा कोळसा. चकत्या सोयीच्या आहेत, पण त्या वापरल्या की तोंडात फटाक्याच्या दारूसारखी चव रेंगाळते. नवशिक्याने कोणता कोळसा घ्यावा? — एक वाचक, शारजा

करवंटीचा घ्यावा. आपल्याला जाणवलेली चव हा भासही नाही. काडी लावताच तडतडत पेटणाऱ्या चकत्यांमध्ये कोळशाच्या भुकटीबरोबर ज्वलनाला मदत करणारे द्रव्य, बहुधा सोरा, मिसळलेले असते आणि फटाक्याच्या दारूतही सोराच असतो. चकतीवरून ठिणग्यांची रेघ सरकत जाते ती त्याचमुळे. ते द्रव्य जळून जाऊन चकतीवर सर्वत्र राखेचा थर येईपर्यंत ती चिलमीवर, म्हणजे हुक्क्याच्या डोक्यावरील तंबाखू भरायच्या वाटीवर, ठेवू नये, असा नियम आहे. पण झटपट पेटते म्हणून घेतलेल्या वस्तूसाठी कोणी थांबत नाही. धूप आणि लोबान जाळण्यासाठी आपल्याकडे पूजासाहित्याच्या दुकानात मिळणाऱ्या काळ्या चकत्या याच जातीच्या असतात. देवघरात त्यांचे काम चोख होते, हुक्क्यावर त्यांना स्थान नाही.

लिंबाच्या किंवा अन्य फळझाडांच्या लाकडाचा कोळसा चवीला निर्मळ असतो, लवकर पेटतो आणि भरपूर तापतो. पण त्याचे तुकडे लहानमोठे असल्यामुळे उष्णता सारखी मिळत नाही आणि तो लवकर विझतो. कैरोच्या कॉफीगृहांत असा कोळसा चालतो, कारण तेथे निखाऱ्यांचे भांडे घेऊन फिरणारा माणूस दर काही मिनिटांनी येऊन राख झटकतो आणि ताजा विस्तव ठेवून जातो. घरी ही चाकरी आपली आपल्यालाच करावी लागते, म्हणून एकदा ठेवल्यावर तासभर तरी टिकणारा कोळसा बरा.

करवंटीचा कोळसा दळून, त्यात थोडी पिठूळ खळ मिसळून, दाबून त्याचे ठोकळे पाडतात. यातील मोठा भाग इंडोनेशियातून येतो. 25 मिलिमीटरच्या ठोकळ्यांच्या एक किलोच्या खोक्यात साधारण 72 नग बसतात, 26 मिलिमीटरचे 64 बसतात आणि चपट्या वड्याही मिळतात. लहान चिलमीसाठी 25 चा आकार पुरेसा आहे. मालाची पारख खोक्यावरच्या चित्रावरून होत नाही, एक ठोकळा पूर्ण जाळून पाहिल्यावर होते. चांगल्या ठोकळ्याची राख पांढुरकी किंवा फिकट करडी पडते, पेटताना त्याला रॉकेलसारखा किंवा रसायनाचा वास येत नाही, त्याला तडे जात नाहीत आणि चिमट्यात धरल्यावर त्याच्या कडा ढासळत नाहीत. ओलसर ठोकळा पेटताना फुटतो आणि त्याचे तुकडे उडतात, त्यामुळे उघडलेले खोके घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

इस्त्रीवाल्याकडचा किंवा बार्बेक्यूचा कोळसा चालेल का, असे आणखी दोघांनी विचारले आहे. चालणार नाही. पहिल्यात कोणते लाकूड जळले आहे हे कळण्याचा मार्ग नसतो आणि तो ठिणग्या उडवतो. बार्बेक्यूच्या गोळ्यांत दगडी कोळशाचा चुरा किंवा इतर भर असू शकते.

पेटवण्याविषयी आपण विचारलेले नाही, पण निम्मे यश त्यातच आहे. ठोकळे विजेच्या उघड्या कॉइलवर किंवा गॅसच्या ज्योतीवर ठेवलेल्या लोखंडी जाळीवर ठेवावेत, चार-पाच मिनिटांनी चिमट्याने उलटावेत आणि सर्व बाजू लाल होईपर्यंत, म्हणजे एकूण आठ ते दहा मिनिटे, हात लावू नये. कोपऱ्यावर काळा ठिपका राहिला असेल तर तो ठोकळा तयार नाही. काचेच्या शेगडीवर किंवा नॉनस्टिक तव्यावर हा उद्योग करू नये. खिडकी उघडी आणि पंखा बाहेर हवा फेकणारा असावा. त्याचे कारण पुढे दोह्याच्या पत्रात येईल.

प्रश्न : चिलीम काठोकाठ भरून, अंगठ्याने दाबून, वर फॉइल लावून तीन निखारे मधोमध ठेवतो. पहिली दहा मिनिटे उत्तम जातात, मग घसा खवखवतो आणि जळकट चव येते. तंबाखू बदलून पाहिली, फरक नाही. — एक वाचक, मस्कत

तंबाखू पूर्वीचीच घ्या, भरण्याची पद्धत बदला. काठोकाठ भरणे, दाबणे आणि निखारे मध्यभागी रचणे या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने नेणाऱ्या आहेत: तंबाखूला फार जवळून, फार उष्णता मिळते आणि हवा जवळजवळ मिळत नाही.

हुक्क्याची ओली, सुवासिक तंबाखू, जिला अरबी मुलखात मुअस्सल म्हणतात, ही विडीसारखी पेटवायची नसते. पानाच्या कातरणात काकवी किंवा मध, ग्लिसरीन आणि अर्क मुरवलेले असतात, आणि जो दाट पांढरा धूर दिसतो त्यात ग्लिसरीनच्या वाफेचा वाटा मोठा असतो. ग्लिसरीन 290 अंश सेल्सिअसला उकळते. उलट कोळसा डोळ्यांना लाल दिसू लागतो तेव्हाच त्याचे तापमान 500 अंशांच्या पुढे गेलेले असते. या दोन आकड्यांमधले अंतर राखण्यासाठी आपल्याकडे फक्त फॉइल आणि त्याखालची थोडी मोकळी जागा असते. ती जागा आपण तंबाखूने भरून टाकली की वरचा थर फॉइलला चिकटतो, त्यातील साखर करपते, आणि मग खालचा थर कितीही रसरशीत असला तरी प्रत्येक झुरका त्या करपलेल्या थरातूनच येतो.

आता भरण्याचा क्रम पाहू. तंबाखूचा रस डब्याच्या तळाशी उतरतो, म्हणून ती आधी डब्यातच नीट वरखाली करावी. अन्यथा डब्याचा पहिला निम्मा भाग कोरडा लागतो आणि उरलेला चिकट. चिलमीपुरती तंबाखू ताटलीत काढून काट्याने किंवा बोटांनी तिच्या गुठळ्या सोडवाव्यात आणि जाड काड्या वेचून टाकाव्यात. या काड्या सर्वांत आधी जळतात आणि तंबाखू निकृष्ट असल्याचा ठपका बहुधा त्यांच्यामुळेच येतो. त्यानंतर ती चिलमीत वरून भुरभुरत सोडावी, दाबू नये. चिलीम हलकेच टेबलावर टेकवून तंबाखू जेवढी बसेल तेवढी बसू द्यावी. पृष्ठभाग काठाच्या दोन ते तीन मिलिमीटर खाली राहिला पाहिजे आणि काठाला चिकटलेले धागे पुसून घ्यावेत, कारण फॉइलला टेकलेला एक धागासुद्धा जळून चव बिघडवतो.

कोणती चिलीम, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी वर्णनावरून आपली चिलीम तळाला पाच-सहा भोके असलेली जुन्या घडणीची मातीची असावी. ती वाईट नाही, पण तिच्यातून रस नळीत गळतो आणि तंबाखू लवकर कोरडी पडते. नवशिक्याला मध्यभागी उंच सुळका आणि त्या सुळक्याच्या टोकाला एकच भोक असलेली चिलीम सोपी जाते, कारण तिच्यात रस तळाशीच साचून राहतो. अशा चिलमीत 15 ते 20 ग्रॅम तंबाखू पुरते. सुळक्याचे भोक मात्र तंबाखूने कधीही झाकले जाऊ नये. सिलिकॉनच्या चिलमी पडल्या तरी फुटत नाहीत, पण उष्णता धरून ठेवण्यात मातीची बरोबरी त्यांना साधत नाही.

फॉइल जाड असेल तर एक थर, स्वयंपाकघरातले पातळ असेल तर दोन थर. चकचकीत बाजू वर की खाली यावर तासन्‌तास वाद घालणारी मंडळी आहेत, कोणतीही चालते. ते डफाच्या चामड्यासारखे ताठ ताणलेले असले पाहिजे, कारण सैल फॉइल निखाऱ्यांच्या वजनाने खचून तंबाखूवर टेकते. दातकोरणीने कडेपासून आत येणाऱ्या वर्तुळांत लहान लहान भोके पाडावीत, आणि सुळक्याची चिलीम असेल तर सुळक्याच्या नेमके वरची जागा न टोचता सोडावी. तेथे भोक पडले तर हवा तंबाखूला वळसा घालून सरळ खाली जाते.

निखारे मध्यभागी न ठेवता कडेवर, निम्मे काठावर आणि निम्मे फॉइलवर असे ठेवावेत. लहान चिलमीला दोन पुरतात. तिसरा हाताशी पेटता ठेवावा, पण घाईने चढवू नये. यानंतर तीन ते पाच मिनिटे काहीही करायचे नाही. बहुतेक नवशिके याच पाच मिनिटांत जोरजोराने ओढून चिलीम जाळतात, कारण धूर लगेच दिसत नाही. ओढताना लांब आणि मंद झुरका घ्यावा. जोरात ओढले की निखाऱ्याला भात्यासारखा वारा मिळून तो तापतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी राख झटकून निखाऱ्यांची जागा थोडी सरकवावी. चव कडवट होऊ लागताच एक निखारा उतरवावा आणि दोन मिनिटे थांबावे. हुक्क्याला हवा सोडण्याची झडप असेल तर नळीतून हलकी फुंकर मारून आत कोंडलेला तापलेला धूर बाहेर काढता येतो. मात्र काळा थर एकदा धरला की त्यावर उपाय नाही; ती चिलीम रिकामी करून नव्याने भरावी.

आणखी एक गोष्ट. काही कंपन्यांची गडद, न धुतलेल्या पानाची तंबाखू असते. तिच्यात निकोटिन जास्त असते आणि ती भरण्याची रीतही निराळी, थोडी घट्ट असते. आपले मित्र तिच्याविषयी आग्रह धरतील. पहिले काही महिने तिच्या वाटेला न जाणे चांगले.

प्रश्न : फॉइलऐवजी धातूचे झाकणवाले उपकरण घ्यावे काय? किंमत पाहून हात आखडतो. — एक वाचक, मनामा

फॉइलवर हात बसण्यापूर्वी घेऊ नये. लोटस या नावाने प्रसिद्ध झालेले आणि त्याच्या धर्तीवर निघालेले हे उपकरण म्हणजे छिद्रे असलेली धातूची वाटी आणि तिचे झाकण. त्यात निखारे मावतात, राख तंबाखूवर पडत नाही आणि झाकण उघडमिट करून उष्णता कमीजास्त करता येते; सुरुवातीची काही मिनिटे बंद, नंतर उघडे असा रिवाज आहे. सोय खरी आहे. परंतु चिलीम ठासून भरणाऱ्याची चिलीम या उपकरणाखालीही करपते, फक्त थोडी उशिरा करपते. शिवाय ते आपल्या चिलमीच्या काठावर नीट बसते की नाही हे चिलीम सोबत नेऊनच पाहावे.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र शुक्रवारी खोलीत बसून हुक्का ओढतो. एसीमुळे खिडक्या बंद असतात. तासाभराने डोके दुखते, मळमळते. मित्र म्हणतात निकोटिनची सवय नाही म्हणून. ऑक्सिमीटर लावून पाहिला, 98 दाखवतो, म्हणजे काळजी नाही ना? — एक वाचक, दोहा

काळजी आहे, आणि ऑक्सिमीटरने ती दूर होत नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज करतो आणि प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन व कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांत त्याला भेद करता येत नाही. त्यामुळे विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटावरही तो 98 दाखवू शकतो. खरी तपासणी रुग्णालयात रक्त घेऊन किंवा त्यासाठीच्या खास उपकरणाने होते.

निकोटिननेही मळमळते, हे मित्रांचे म्हणणे खोटे नाही. मात्र बंद खोली, जळता कोळसा आणि एकाच वेळी तिघांची डोकेदुखी हे एकत्र दिसल्यावर संशय आधी हवेवर घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये काढलेल्या टिपणानुसार हुक्क्याची एक बैठक 20 ते 80 मिनिटे चालते आणि तेवढ्यात ओढला जाणारा धूर शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींच्या धुराइतका भरू शकतो. एसी खोलीतील तीच हवा फिरवत राहतो, बाहेरची हवा आत आणत नाही.

यापुढे कोळसा पेटवणे आणि ओढणे दोन्ही उघड्या हवेत करावे, इमारतीच्या नियमांत बसत असेल तर गच्चीवर. डोके जड झाले की नळी खाली ठेवून सर्वांनी खोलीबाहेर पडावे. उलट्या होऊ लागल्या, भान हरपू लागले, छातीत धडधडू लागले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि तेथे गेल्यावर कोळशाचा उल्लेख करायला विसरू नये, कारण तो केला नाही तर डॉक्टरांचे लक्ष तिकडे जाईलच असे नाही. आणि तिघांत एकच तोंडी फिरवत असाल तर प्रत्येकाची वेगळी घ्या; क्षयरोग असाही पसरू शकतो.

प्रश्न : आमच्या भागातील एका उपाहारगृहात ‘हर्बल’ हुक्का मिळतो. त्यात तंबाखू नाही म्हणून तो कायद्यात बसतो आणि निर्धोकही असतो, असे चालक सांगतात. शिवाय धूर पाण्यातून गाळून येतो. हे कितपत खरे? — एक वाचक, पुणे

29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री मुंबईत लोअर परळच्या कमला मिल परिसरातील दोन उपाहारगृहांना आग लागून 14 माणसे मृत्युमुखी पडली. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या कोळशाच्या ठिणग्यांकडे बोट दाखवले गेले. त्यानंतर 2018 मध्ये महाराष्ट्राने तंबाखू नियंत्रण कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लर चालवण्यावर बंदी घातली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी आहे. कायद्याची भाषा तंबाखूची असल्यामुळे ‘हर्बल’ ही पळवाट निघाली, हे खरे. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये एका उपाहारगृहाच्या प्रकरणात स्पष्ट केले की उपाहारगृहाच्या परवान्यात हुक्का पुरवण्याची मुभा आपोआप येत नाही. तेव्हा चालकांना परवाना दाखवायला सांगावे आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचावे.

निर्धोकपणाचे उत्तर कोळशातच आहे. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तोच हुक्का एकदा कोळशावर आणि एकदा विजेच्या तापकावर चालवून पाहिला. धुरातील कार्बन मोनॉक्साइडपैकी सुमारे 90 टक्के कोळशातून येत असल्याचे त्यांना आढळले. चिलमीत तंबाखू असो की गुलाबपाकळ्या, वरचा निखारा तोच राहतो. पाण्याचे म्हणाल तर ते धूर गार करते आणि घशाला सुखावते. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळत नाही, बुडबुड्यांतून तो जसाच्या तसा वर येतो.

प्रश्न : आमच्या वाड्यात पणजोबांच्या वेळचा बिदरी हुक्का आहे. तेव्हा कोणता कोळसा वापरत असत, आणि तो हुक्का आज वापरता येईल का? — एक वाचक, सोलापूर

कोळशाची वस्त्रगाळ भुकटी तांदळाच्या पेजेत मळून वळलेल्या गोळ्या, म्हणजे गुल, त्या काळी वापरात होत्या. आजचा करवंटीचा ठोकळा हा त्याच युक्तीचा कारखान्यातला अवतार आहे. खाली चिलमीत गुळात मळलेली तंबाखू, म्हणजे गुडाखू, असे. तंबाखूशी आपल्या भागाचे नाते तर जुने आहे: अकबराचा वकील, म्हणजे दूत, असद बेग 1604 च्या सुमारास विजापूरहून तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी घेऊन आग्र्याला गेला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. हुक्का अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने शोधला असे सर्रास सांगितले जाते, पण हा हकीम 1589 मध्येच वारला होता, त्यामुळे ही कथा जपून घ्यावी.

आपला हुक्का वापरू नये. बिदरी भांडे जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचे असते, वर चांदीचे जडावकाम असते. आतून ते किती गंजले आहे हे दिसत नाही आणि साचलेले पाणी त्याचे नुकसानच करील. घासून लख्ख करण्याचा मोहही टाळावा. ती काळी झाक बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या लेपाने मुद्दाम आणलेली असते. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, एवढेच.

प्रश्न : ओढून झाल्यावर निखाऱ्यांचे काय करावे? पत्नी म्हणते, कचऱ्यात टाकलेली राख एकदा धुमसत होती. — एक वाचक, अबुधाबी

वहिनींचे निरीक्षण बरोबर आहे. करवंटीचा ठोकळा वरून पांढरा पडला तरी राखेच्या आत तासन्‌तास जिवंत राहतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला तेवढे पुरते. कडीचा लोखंडी डबा वाळूवर किंवा फरशीवर ठेवून निखारे चिमट्याने त्यात उतरवावेत. पाणी एकदम ओतू नये, वाफ आणि राख तोंडावर उडते. बाजूने थोडे थोडे सोडावे आणि काडीने ढवळावे. फुसफुस पूर्ण थांबली तरी डबा रात्रभर बाहेर ठेवून सकाळी हात लावून गार झाल्याची खात्री करावी आणि मगच कचऱ्यात रिकामा करावा. वापरलेले फॉइल आणि चिलमीतली तंबाखू वेगळ्या पिशवीत बांधावी, विशेषतः घरात लहान मूल असेल तर, कारण गोड वास येणारी ती ओली तंबाखू पोटात गेल्यास मुलाला निकोटिनची विषबाधा होऊ शकते.